घाटापलीकडची वीस मिनिटं

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मिरजेच्या एका दवाखान्यात रक्त तपासण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. पेशंट म्हणतो उपाशीपोटी आलोय, आणि रक्त सांगतं की स्वारी शिरा खाऊन आलीय. असल्या नोकरीत कुणाच्या शब्दावर विसंबायची सवय राहत नाही. आमचे हे म्हणायचे, "ही देवळात गेली तर तीर्थसुद्धा आधी हुंगेल." एकदा हुंगलं होतं मी. वास येत होता.

तर अशा बाईला नाशिकला बोलावलं ते डॉ. मोघ्यांनी. मोघे पुण्याचे, सापांच्या विषावर संशोधन करणारे. साप चावलेल्या माणसाला जवळच्या सरकारी दवाखान्यातच नीट उपचार मिळावेत म्हणून त्यांनी चार-सहा जणांची मोट बांधली होती. संस्था म्हणावी असं त्यात काही नव्हतं. कुणी डॉक्टर, कुणी सर्पमित्र, आणि मी. गावोगावच्या कर्मचाऱ्यांना एक साधी चाचणी शिकवायची, हे माझं काम. घोणस किंवा फुरसं चावलं की माणसाचं रक्त गोठेनासं होतं. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त घट्ट झालं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, लस द्या. सहा तासांनी पुन्हा तेच करून पाहायचं. यंत्र नको की वीज नको. लस म्हणजे सर्पविषावरचं औषध. शास्त्राप्रमाणे ती लस नव्हे, पण खेड्यापाड्यांत सगळे लसच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मोघ्यांनी फोनवर सांगितलं ते असं. पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने कळवलं होतं की लस चालत नाही. फुरसं चावलेल्या तिघांना बाटल्यांवर बाटल्या दिल्या तरी रक्त गोठलं नाही. तेव्हापासून त्याने लस देणंच बंद केलं होतं. आलेला पेशंट तसाच जीपमध्ये घालून घाट ओलांडून नाशिकला पाठवायचा. मोघे, एक सर्पमित्र आणि मी, अशा तिघांनी तिथे जायचं, पाहायचं, आणि तक्रार खरी वाटली तर तिच्याखाली सह्या करायच्या. सह्या झाल्या असत्या तर जिल्ह्यातला त्या लशीचा सगळा साठा बाजूला ठेवला गेला असता, तोही गवतकापणीच्या ऐन तोंडावर. लस खराब असेल तर तिच्या भरवशावर माणसं मरणार होती. चांगली असेल तर ती न दिल्यामुळे मरणार होती.

"कुणीतरी खोटं बोलतंय," मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला बोलावतोय," मोघे म्हणाले.

द्वारका

बसने सकाळी मला नाशिकच्या द्वारका चौकात उतरवलं. उतरून चष्मा पुसतेय तोवर एका माणसाने न विचारता माझी बॅग उचलली आणि चालू लागला. मी अशी ओरडले की दोन रिक्षा थांबल्या. धावत जाऊन बॅगेचा दुसरा बंद धरला. तो ओढतोय, मी ओढतेय, आणि भोवती घोळका.

"ओ मॅडम, सोडा ना! मी पोपट जाधव! मोघे सरांनी पाठवलंय मला!"

"कशावरून?"

त्याने बिचाऱ्याने खिशातून कारखान्याचं ओळखपत्र काढून दाखवलं. मी ते नीट वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, मग बॅग सोडली. पोपट सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. पाळी संपली की लोकांच्या घरातले साप पकडून रानात सोडायचा. बोलका, हसतमुख, आणि हसतमुख माणसांविषयी माझं मत मी राखून ठेवते.

मिसळ खाल्ल्याशिवाय नाशिक दिसत नाही, म्हणाला. आमच्याकडे मिसळ म्हणजे लालभडक कट. इथे काळ्या मसाल्याचा दाट रस्सा, बाजूला पापड, वाटीत दही. तेल कालचं नाही ना, असं मी मालकाला विचारलं. मालकाने पोपटकडे पाहिलं. पोपट म्हणाला, "द्या हो, पाव्हण्या चौकशीवाल्या हायेत." मिसळ चांगली होती. अगदी चांगली होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

रस्सा ओरपता ओरपता पोपटने आपला निकाल सांगून टाकला. "मॅडम, लस खराब बिराब काय नाय. कुणीतरी आतल्या आत बाटल्या बाहेर काढतंय आन् रिकाम्या बाटल्यांत कायतरी पीठ भरून ठेवतंय. तुम्ही कुलपाची चावी कुणाकडं हाय ते बघा. लगेच सापडंल."

मला हे पटलं. पहिल्याच तासात पटावं, याचाच खरं तर संशय यायला हवा होता.

सातपूर ते घाट

मोघे पोपटच्या घरी येऊन थांबले होते. साठीचे, कडक इस्त्रीचे, मांडीवर जाड वही. त्यांचा निकाल वेगळाच होता. कारखान्यातली लस बनते ती दूरच्या प्रांतांतल्या सापांच्या विषावर. इकडच्या डोंगरातल्या फुरशाचं विष वेगळं असलं पाहिजे, म्हणून ती लागू पडत नसावी. हे त्यांनी इतक्या उत्साहाने सांगितलं की मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. ही गोष्ट खरी ठरली तर या माणसाच्या आयुष्यभराच्या कामाला यश येणार होतं. ज्याला जे हवं असतं त्याला ते दिसतं, अशी मी मनात नोंद केली. पोपट, मोघे, दोघेही नोंदीत.

जीपमध्ये माझ्या पायाशी एक प्लॅस्टिकची बरणी होती. मी तिच्यावर डब्याची पिशवी टेकवली. दोन-चार किलोमीटरनंतर पिशवी हलली.

"कायी नाय मॅडम, धामण हाय," पोपट पुढून म्हणाला. "बिनविषारी. घाटात सोडायची हाय."

घाटापर्यंतचा सगळा प्रवास मी पाय वर घेऊन केला.

पेठ रोडला लागलं की जमीन बदलते. आमच्या मिरजेकडची जमीन ताटासारखी सपाट, उसाने भरलेली. इथे टेकडी, उतार, पुन्हा टेकडी. खाचरांत भात पोटरीला आलेलं, वरच्या उतारांवर नागली, म्हणजे नाचणी, आणि तिच्या बाजूने खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, पिवळी फुलं. वळणावर पोपटने जीप थांबवून धामण सोडली. ती गवतात शिरली तशी जीवात जीव आला. तिथेच शेंदूर फासलेला एक लाकडी पाट उभा होता. त्यावर वाघ, चंद्र-सूर्य आणि एक नाग कोरलेला.

"वाघदेव," पोपट म्हणाला. "वाघबारशीला पूजा करत्यात. वाघाला सांगायचं गुरं खाऊ नको, नागाला सांगायचं चावू नको."

आमच्याकडे नागपंचमीला आम्ही नागाला दूध दाखवतो आणि मनातलं मागणं मागतो. इथली माणसं सरळ करारच करतात. मला त्यांचं जास्त पटलं.

आरोग्य केंद्र

गावाचं नाव लिहीत नाही. कौलारू इमारत, पुढे आंब्याचं झाड, झाडाखाली पार. पारावर एक म्हातारा औषधांच्या खोलीकडे तोंड करून बसला होता.

डॉ. अहिरे सटाण्याकडचे, तिशीच्या आतले. डोळे झोप न झालेल्या माणसाचे. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि कपाट उघडून लस दाखवली. बाटल्यांतली पांढरी पूड, खोके सीलबंद, मुदत शिल्लक. मी दोन बाटल्या उजेडात धरून बघितल्या. झाकणं कुणी उचकटलेली दिसत नव्हती. कपाटाची चावी खुद्द डॉक्टरांच्या कमरेला. पोपटचं पीठ काही सापडेना.

"मॅडम, मला कंपनीवर डाऊट आहे," अहिरे म्हणाले. हा तिसरा निकाल. "तिघांना मी स्वतः लस दिली. सहा तासांनी टेस्ट केली, रक्त वाहतंय. आणखी दिली, तरी वाहतंय. तिघांना नाशिकला पाठवलं. ते वाचले, पण ते तिथल्या डॉक्टरांमुळे, असं मी समजतो. चौथ्या वेळी म्हटलं, निरुपयोगी औषध टोचण्यात तास का घालवायचे? त्याला तसाच जीपमध्ये घातला."

"मग?"

अहिऱ्यांनी खिडकीतून पाराकडे पाहिलं. "धर्मा नाव होतं. वाटेत जीप बंद पडली. नाशिक आलंच नाही. तो त्याचा बाप. सोमाबाबा. रोज येऊन बसतो."

मी बाहेर गेले. म्हाताऱ्याने टोपी सारखी करून मला न्याहाळलं.

"ताई, तुमी चौकशीवाल्या का?"

"हो."

"मंग येवढं करा. दवाई कोनी नासवली, त्यो मानूस शोधा. माला बाकी काय नको. पैसा नको, कागद नको. फक्त त्यो कोन ते माला सांगा."

"शोधून काढीन, बाबा," मी म्हटलं. "आणि तुम्हाला येऊन सांगीन."

हे मी उगाच तोंडदेखलं बोलले नव्हते. शोधून काढणं एवढी एकच गोष्ट मला येते.

आत आले तो हिराबाई दिसली. ही केंद्रातली मदतनीस. फरशी पुसणं, सुया उकळणं, चाचणीच्या नळ्या सांभाळणं, सगळं तिच्याकडे. पंचेचाळिशीची, ताठ अंगाची. मला पाहताच तिने पदर पुढे ओढला आणि भिंतीला लागून उभी राहिली. माझ्या नजरेला नजर देईना.

"नळ्या कुठे ठेवता?" मी विचारलं.

"हायेत."

"बघू."

"लागल्या का मी आनते. तुमी नका हात लावू."

कोपऱ्यात पत्र्याची एक पेटी होती आणि तिला कुलूप. चावी हिराबाईच्या गळ्यातल्या दोऱ्यात. पोपटने मला कोपराने ढोसलं. जेवताना तो कानाशी लागून म्हणाला, "मॅडम, पेटी! सापडलं का नाय?" मीही मान हलवली. जी बाई डोळ्याला डोळा देत नाही आणि पेटी उघडत नाही, तिच्याजवळ लपवण्यासारखं काहीतरी असतंच.

यमुना

दुसऱ्या दिवशी आम्ही दात घासतोय तोच एक जीप दारात आली. नवऱ्याने बायकोला हातांवर उचलून आणलं. यमुना, विशीची, पहाटे गुरांसाठी गवत कापायला गेली होती. पेंढी उचलताना बोटाला चावलं. नवऱ्याच्या दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा, त्यात मारलेला साप. पोपटने काडीने उलटून पाहिला.

"फुरसं. हे बघा, डोक्यावर बाण हाय."

"भगताकडे नेलं होतं का आधी?" मी नवऱ्याला जरा दरडावूनच विचारलं.

"नेलं व्हतं ना. भगतानंच ही जीप बोलावली," तो म्हणाला.

यमुनाने चूळ भरली ती लाल. बोटाला बांधलेला फडका भिजून टपकत होता. हिराबाईने आमच्याकडे पाठ करून पेटीचं कुलूप उघडलं आणि एक नळी आणली. मी स्वतः रक्त काढून नळीत सोडलं, घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. पाणी.

"जीप जाऊ देऊ नका," अहिरे म्हणाले. "नाशिकला पाठवतो."

"आधी लस," मोघे म्हणाले.

"सर, देऊन पाहिली, चालली नाही. न देता पाठवला, तो वाटेत गेला. आता हिचं मी काय करू? तुम्ही सांगा!"

"आमच्यासमोर द्या. जबाबदारी माझी."

अहिऱ्यांनी दिली. पूड पाण्यात विरघळवायला वेळ लागतो. बाटली नुसती गोल फिरवायची, घुसळायची नाही. हिराबाई एकेक बाटली तळहातांत धरून लाटणं फिरवावं तशी फिरवत होती. हात स्थिर होते. अंगावर पुरळ उठलं तर इंजेक्शन तयार ठेवलं होतं, पण ते लागलं नाही.

दुपारी हिराबाईच्याच घरून जेवण आलं. नागलीची काळीसावळी भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी. मला ती भाकरी करपलेली वाटली. बोटाने खरवडून पाहिली, तर तिचा रंगच तसा. तीन खाल्ल्या. मोघ्यांनी चटणी परत मागून घेतली.

यमुनाचा नवरा पारावर सोमाबाबाजवळ बसला होता. सबंध दुपार दोघांची नजर त्याच एका दाराकडे.

लस देऊन सहा तास झाले तसे, तीनला, पुन्हा चाचणी. पुन्हा हिराबाईची नळी, पुन्हा वीस मिनिटं. मी नळी तिरकी केली.

रक्त वाहिलं.

अहिरे खुर्चीत कोसळलेच. "हाई काय शे?" त्यांच्या तोंडून घरची अहिराणी बाहेर पडली. "आते काय करानं?" मग उठून ते जीपवाल्याला हाका मारू लागले. मोघ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, नाही म्हणत नाही, पण वही उघडायची त्यांची घाई होती ती आनंदाची. "विष वेगळं आहे," ते पुटपुटत होते. तक्रारीचा कागद टेबलावरच होता. मोघ्यांनी सही केली. पोपटने केली. मी पेन हातात घेतलं.

आणि पाहिलं तर यमुना चूळ भरत होती. पाणी पांढरं स्वच्छ. बोटाचा फडका मी उचलून बघितला. कोरडा ठणठणीत. दाबून पाहिला, तरी कोरडा.

रक्त थांबलं होतं. मग नळीत ते गोठत का नव्हतं?

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, बाई किंवा नळी. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मला बाई खरी वाटली.

"थांबा जरा," मी म्हटलं आणि बाही वर केली. "डॉक्टर, माझं रक्त घ्या. ह्याच नळ्यांतल्या एकीत घाला."

शहाण्या माणसाने हे सकाळीच करायचं असतं. पेशंटच्या नळीशेजारी एका धडधाकट माणसाची नळी ठेवायची, म्हणजे पडताळा राहतो. मी दुनियेवर संशय घेतला, माझ्या चाचणीवर घेतला नव्हता.

ती वीस मिनिटं फार लांबली. जीप बाहेर घुरघुरत होती. वेळ झाली तशी मी नळी तिरकी केली. माझं रक्त पाण्यासारखं काचेवरून धावलं.

अहिऱ्यांनी नळी माझ्या हातातून घेऊन स्वतः तिरकी करून पाहिली.

"मॅडम," पोपट हळूच म्हणाला, "तुमाला कवा चावलं?"

मी माझ्या पेटीतून नव्या कोऱ्या नळ्या काढल्या. एकीत माझं रक्त, दुसरीत यमुनाचं. जीपवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. वीस मिनिटांनी दोन्ही तिरक्या केल्या, मग सरळ उलट्याच धरल्या. दोन्हींत रक्त जांभळाच्या वडीसारखं घट्ट चिकटून बसलेलं. लस चालत होती. पहिल्या दिवसापासून चालत होती.

मग हिराबाईची एक रिकामी नळी घेतली, तीत घोटभर पाणी घातलं, अंगठा लावला आणि खळखळून हलवली. वर पांढरा फेस आला.

साबण. काचेला साबणाचा अंश राहिला की कुणाचंही रक्त गोठत नाही.

"हिराबाई, पेटी उघडा," अहिरे म्हणाले. आवाज चढला होता.

तिने दोऱ्यातली चावी काढली. आत लस नव्हती, पीठ नव्हतं. जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यांत एकेक नळी गुंडाळून, बाळंतिणीच्या सामानासारखी रचून ठेवली होती. बाजूला आठवडे बाजारातून स्वतः आणलेला धुण्याच्या पावडरचा पुडा. नळ्या अशा लख्ख की तसल्या मी मिरजेतही पाहिल्या नव्हत्या.

"तीन येळा धुते," ती म्हणाली. "आदी पावडर, मंग राख, मंग परत पावडर. कुनाला हात लावू देत नाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?" अहिरे ओरडले. "अहो, तुमच्या या धुण्यापायी—"

हिराबाईने तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. तिला बोलायची गरजच नव्हती, कारण मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला मी याच तालुक्यांच्या कर्मचाऱ्यांचं शिबिर घेतलं होतं. खच्चून भरलेली खोली. प्रत्येकाने आपापली नळी आणलेली. मी एका बाईची नळी उचलून उजेडात धरली आणि सगळ्यांना दाखवत म्हटलं, "ही नळी आहे का ताकाचा पेला? लाज नाही वाटत?" सगळे हसले. मीही हसले. ती बाई खाली मान घालून उभी राहिली. चेहरा मी तेव्हा पाहिलाही नव्हता; ती हिराबाई होती, हे आत्ता कळलं. नळी स्वच्छ हवी हे मी बजावून सांगितलं. कशी धुवायची नाही, हे नाही सांगितलं. आमच्याकडे नव्या नळ्या येतात, वापरल्या की टाकून देतात. धुण्याची वेळ कुणावर येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी लगेच बोलले असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. दोन-तीन श्वास मी गप्प राहिले. त्या दोन-तीन श्वासांत माझ्या मनात आलं की हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, आणि ही बाई सांगणार नाही. मला त्याची अजून लाज वाटते.

मग म्हटलं, "डॉक्टर, तिला बोलू नका. मीच शिकवलंय तिला."

आणि ती खोली, तो ताकाचा पेला, सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. तिला मी सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच सांगायला हवं होतं. शेवटी हात जोडून म्हटलं, "हिराबाई, चुकलं माझं."

ती पेटीतल्या नळ्यांकडे बघत होती. नजर न उचलता म्हणाली, "मंग ताई, धर्माला हितंच दिली असती तर?"

"बहुतेक जगला असता."

ती खाली बसली. अहिरे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मोघ्यांनी वही उघडली, दुपारी लिहिलेल्या पानावर शांतपणे एक आडवी रेघ मारली आणि खाली आजचं खरं लिहून काढलं. त्या एका रेघेसाठी मी त्यांचं नाव माझ्या नोंदीतून खोडलं. तक्रारीचा कागद त्यांनी फाडला, आणि नव्या कागदावर मी लिहिलं की लस उत्तम आहे, चाचणी चुकली, आणि चाचणी अपुरी शिकवणारी मी. खाली माझी सही.

पार

सकाळी यमुना पेज प्यायली. तिची नळी पुन्हा उलटी धरली, रक्त जागचं हललं नाही. तिचा नवरा अहिऱ्यांच्या पायाशी वाकायला लागला तसे ते दोन पावलं मागे सरले.

बॅग जीपमध्ये टाकून मी पाराकडे गेले. हिराबाई दारात येऊन उभी राहिली.

"गावला का त्यो?" सोमाबाबाने विचारलं.

"गावला."

त्याने काठी घट्ट धरली. "कोन?"

"मी."

मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. साबणाची नळी, वाहणारं रक्त, डॉक्टरला लस खोटी वाटणं, म्हणून धर्माला तसंच पाठवणं. एकेक पायरी, शिबिरापासून. लहान मुलाची थाप ऐकून घ्यावी तसं त्याने ऐकून घेतलं.

"नाय," शेवटी तो म्हणाला. "तुमी कशा असाल? तुमी तर लांब मिरजेच्या. धर्मा गेला तवा तुमी हितं व्हत्या तरी का?"

"नव्हते, बाबा. पण—"

"कोनाला वाचवता, ताई? डाक्टरला का हिराला?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी रडतही होते बहुतेक. तो उठला, टोपी झटकली आणि पाराच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसला, औषधांच्या खोलीकडे तोंड करून.

परतल्यावर मी मिरजेहून नव्या नळ्यांचं खोकं पाठवलं. अहिरे अधूनमधून फोन करतात. फुरसं चावलेल्यांना आता लस तिथेच मिळते. हिराबाई प्रत्येक चाचणीला पेशंटच्या नळीशेजारी धडधाकट माणसाची नळी ठेवते, आणि ते रक्त बहुतेक वेळा तिचं स्वतःचं असतं. दंडावर सुयांचे डाग पडलेत, असं अहिरे म्हणाले.

सोमाबाबाला मी पत्रं लिहिते. तीन झाली. हिराबाई पारावर बसून त्याला वाचून दाखवते. तो मध्ये बोलत नाही, शेवटपर्यंत ऐकतो. मग पत्र हातात घेऊन उलटसुलट बघतो, नाकाशी नेतो, आणि दर वेळी तिला तेच विचारतो, "हे त्या बाईनंच लिवलंय का, का तिच्याकडून कोनी लिवून घेतलंय?"